उसातल्या पाण्याचा हिशेब

(शेतकी विभागाकडून)



हंगाम सुरू झाला की गटसभांतून आम्हाला दोन प्रश्न हटकून ऐकायला मिळतात. पहिला तोडणीचा. "आमच्याकडं टोळी कधी येणार?" दुसरा पाण्याचा. "उन्हाळ्यात आम्ही हंड्याहंड्याला महाग होतो आणि साखर कारखान्यांच्या मागं नाल्याला वाफाळतं पाणी दिसतं, ते कुठलं? नदीचं पाणी उचलायचं आणि तापवून नाल्यात सोडायचं, असा हा धंदा आहे का?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर तोडणी कार्यक्रमात मिळते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून सभेत ते अर्धवट राहते आणि चावडीवर त्याची भलतीच गोष्ट होते. या अंकात आम्ही तो हिशेब शांतपणे मांडणार आहोत. सभासद हा कारखान्याचा मालक आहे आणि मालकाला आपल्या घरातल्या पाण्याचा जमाखर्च ठाऊक पाहिजे.

शंभर टन उसात सत्तर टन पाणी

काट्यावर तुम्ही जो ऊस घालता त्याच्या शंभर भागांत साधारण सत्तर भाग पाणीच असते. उरलेल्या तीस भागांत साखर, तंतू आणि थोडे इतर पदार्थ. म्हणजे दररोज २,५०० टन गाळणारा कारखाना धरला, तर त्याच्या गव्हाणीत रोज १,७५० टन पाणी उसाच्या पोटातून येऊन पडते. लिटरमध्ये सांगायचे तर साडेसतरा लाख लिटर. दहा हजार लिटरचे एकशे पंच्याहत्तर टँकर रोज भरतील एवढे हे पाणी आहे, आणि ते नदीतून उचललेले नाही. तुम्ही वर्षभर पाटाने, विहिरीने, ठिबकाने उसाला जे पाजले, त्यातलाच हा शिलकीचा भाग.

आता खर्चाची बाजू पाहू. शंभर टन उसामागे अठ्ठावीस ते तीस टन बगॅस निघतो आणि त्यात निम्मे पाणी असते. म्हणजे चौदा-पंधरा टन पाणी बगॅसबरोबर बॉयलरच्या भट्टीत जाते आणि चिमणीतून उडून जाते. थोडे प्रेसमडबरोबर, अगदी थोडे मळीबरोबर बाहेर पडते. हे सगळे वजा केले तरी सत्तरातले पन्नासाच्या आसपास टन पाणी रसात शिल्लक राहते. २,५०० टनांच्या गाळपाला हा आकडा रोजचा साडेबारा लाख लिटरांचा होतो.

शिवाय मिलमध्ये बगॅसवर गरम पाणी शिंपडतात. शेवटची साखर धुऊन निघावी म्हणून उसाच्या वजनाच्या तीस ते चाळीस टक्के पाणी त्यासाठी लागते. याला इंबिबिशन म्हणतात. हे पाणीही रसातच मिसळते. त्यामुळे शंभर टन उसामागे साधारण शंभर टनांच्या घरात पातळ रस तयार होतो. रसाचा ब्रिक्स पंधरा आणि पुढे होणाऱ्या पाकाचा ब्रिक्स साठ धरला, तर शंभर टन रसाचा पंचवीस टन पाक होतो. बाकीचे पंच्याहत्तर टन पाणी उकळून उडवावे लागते. साखर करणे म्हणजे निम्म्याहून जास्त काम पाणी उडवण्याचेच आहे.

गुऱ्हाळाची काहील आणि कारखान्याची बॉडी

हेच काम गुऱ्हाळावर काहिलीत होते. चुलवणात चिपाड घालायचे, रस उकळायचा आणि वाफ आभाळात जाऊ द्यायची. एकदा वाफ वर गेली की तिच्यातले पाणीही गेले आणि उष्णताही गेली. लहान कामाला हे चालते. रोज हजारो टन रसाला चालत नाही. एवढे सरपण आणायचे कुठून?

अमेरिकेतल्या लुइझियाना प्रांतातही एकोणिसाव्या शतकात रस उघड्या कढयांतच आटवत. गुलामगिरीतले मजूर उकळता रस पळ्यांनी एका कढईतून दुसरीत ओतत. न्यू ऑर्लिन्सचे अभियंते नॉर्बर्ट रिल्यू यांनी १८४३ आणि १८४६ साली पेटंट घेऊन यावर तोड काढली. पहिल्या भांड्यातल्या रसाची वाफ वाया न घालवता ती दुसऱ्या भांड्याला तापवायला द्यायची, दुसऱ्याची तिसऱ्याला. पुढच्या प्रत्येक भांड्यात हवेचा दाब कमी ठेवायचा, म्हणजे रस कमी उष्णतेवरही उकळतो. आजही कारखान्यात ज्या उंच गोल बॉड्या रांगेने उभ्या दिसतात, त्या याच तत्त्वावर चालतात. चार बॉड्यांच्या रांगेत एक किलो वाफ जवळजवळ चार किलो पाणी उडवते. शेवटच्या बॉडीत तर रस ५५ ते ६० अंशांवरच उकळत असतो.

बॉडीच्या पोटात उभ्या नळ्या असतात. नळ्यांच्या आतून रस आणि बाहेरून वाफ. वाफ नळीला उष्णता देते आणि स्वतः पाणी होते. घरी भाताच्या पातेल्यावरचे झाकण उचलले की खालच्या बाजूने पाणी टपटपते, तेच हे पाणी. कारखान्यात याला कंडेन्सेट म्हणतात. आम्ही या लेखात त्याला वाफेचे पाणी म्हणू, म्हणजे घरातल्या माऊलीलाही समजेल.

एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. पण शंभर अंशांवरच्या त्याच पाण्याची वाफ करायला ५४० लागतात. वाफ परत पाणी होते तेव्हा ती या ५४० जशाच्या तशा परत देते. सगळी कमाई इथे आहे. आणि कमाई झाली की मागे राहिलेले पाणी लगेच बाहेर काढणे, हे तेवढेच महत्त्वाचे काम आहे.

पाणी तुंबले की गव्हाण थांबते

वाफेचे पाणी बॉडीच्या तळाशी तुंबले तर खालच्या नळ्या पाण्यात बुडतात. बुडालेल्या नळीला वाफ लागत नाही, म्हणजे ती नळी असून नसल्यासारखी. शेतात पाणी साचलं की मुळाला हवा मिळत नाही आणि ऊस पिवळा पडतो, तशातलीच गत. उकळी मंदावते, पाक पातळ राहतो, रसाच्या टाक्या भरतात, आणि शेवटी मिल हळू करावी लागते. मग यार्डात ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग लागते आणि तुमचा तोडलेला ऊस उन्हात वाळतो. एवढ्या मोठ्या रांगेचे कारण कधीकधी घागरीएवढ्या एका ट्रॅपमध्ये असते.

स्टीम ट्रॅप म्हणजे वाफेचा पहारेकरी. पाणी आले की दार उघडायचे, वाफ आली की मिटायचे. काहींच्या आत तरंगता गोळा असतो, काहींच्या आत उलटी बादली. तो उघडा अडकला तर वाफ फुकट जाते. मिटलेला अडकला तर पाणी तुंबते. वाफेच्या नळात पाणी तुंबून राहिले आणि मागून जोराची वाफ आली, तर ते पाणी गोळ्यासारखे आदळून नळाचे सांधे फोडते. म्हणून नळाला जागोजाग उतार आणि निचऱ्याची तोंडे ठेवावी लागतात.

शेवटच्या बॉड्यांचा निचरा आणखी अवघड असतो. तिथे आत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो, त्यामुळे पाणी आपणहून बाहेर येत नाही. विहिरीवरचा पंप पंचवीस फुटांच्या पुढं पाणी का ओढत नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. हवेचा दाब सुमारे ३४ फूट, म्हणजे दहा मीटरच्या आसपास उंचीचा पाण्याचा स्तंभ तोलू शकतो, त्याहून जास्त नाही. तोच नियम इथे कामाला येतो. पुरेशी उंच नळी खाली सोडून तिचे तोंड पाण्यात बुडवले, की आतले पाणी उतरते आणि बाहेरची हवा आत शिरत नाही. कंडेन्सर इमारतीच्या माथ्यावर चढवून का बसवतात, याचेही उत्तर हेच.

विलायतेतल्या घरांतला छोटा बॉयलर

आपल्या भागातली काही मुले-मुली शिकून इंग्लंड-जर्मनीत नोकरीला आहेत. त्यांच्या घरात भिंतीवर गॅसचा छोटा बॉयलर असतो. तो घर उबदार ठेवतो आणि आंघोळीला पाणी देतो. त्यातली नवी जात आपल्या बॉडीसारखीच हुशार आहे. गॅस जळताना पाण्याची वाफ तयार होते. एक घनमीटर गॅसमागे दीड किलोच्या वर पाणी होते. जुने बॉयलर ही वाफ धुराबरोबर बाहेर टाकत. नवे बॉयलर धूर इतका गार करतात की वाफेचे आतच पाणी होते आणि तिची उष्णता घराला मिळते. इंग्लंड आणि वेल्समध्ये थोडे अपवाद सोडले तर १ एप्रिल २००५ पासून नवा गॅस बॉयलर याच जातीचा बसवावा लागतो.

पण मिळालेल्या उष्णतेबरोबर पाणीही आले, आणि ते बाहेर काढावे लागते. त्यासाठी प्लास्टिकची नळी मोरीच्या नळाला जोडतात. हे पाणी आंबट असते, त्याचा पीएच साधारण तीन ते पाच भरतो, म्हणून धातूची नळी खराब होते. काही ठिकाणी ते चुनखडीच्या खड्यांवरून जाऊ देतात म्हणजे त्याची धार मरते. डिसेंबर २०१० मध्ये ब्रिटनमध्ये कडाक्याची थंडी पडली तेव्हा घराबाहेरून नेलेल्या या नळ्यांत बर्फ झाला, पाणी मागे तुंबले आणि ऐन थंडीत अनेक घरांतले बॉयलर बंद पडले. उपाय साधाच होता. नळीवर कोमट पाणी ओतायचे आणि पुढच्या वेळेसाठी बाहेरची नळी आखूड, जाड आणि उताराची करायची.

सांगायचा मुद्दा असा की बॉयलर घरातला असो की कारखान्यातला, वाफेकडून उष्णता घ्यायची असेल तर तिच्या पाण्याला वाट द्यावीच लागते. फरक एवढाच की तिथे ते पाणी बादलीभर असते आणि मोरीत जाते. आपल्याकडे ते लाखो लिटर असते, आणि ते मोरीत घालण्यासारखे नसते.

तीन पाणी, तीन वाटा

वाफेचे सगळे पाणी एका मोलाचे नाही. त्याचे तीन भाग करावे लागतात.

पहिले पाणी पहिल्या बॉडीचे. या बॉडीला टर्बाइनमधून आलेली वाफ मिळते. ही वाफ बॉयलरच्या स्वच्छ पाण्याची असते, तिचा रसाशी संबंध आलेला नसतो. हिचे पाणी सोन्याच्या मोलाचे. ते थेट बॉयलरला परत द्यायचे. तीस अंशांचे गार पाणी देण्याऐवजी नव्वद-पंच्याण्णव अंशांचे हे पाणी दिले तर बगॅसमध्ये साधारण नऊ-दहा टक्के बचत होते. वाचलेला बगॅस म्हणजे वाचलेला पैसा. सहवीजनिर्मिती असेल तिथे तो विजेच्या रूपाने परत येतो.

दुसरे पाणी पुढच्या बॉड्यांचे आणि पॅनचे. ही वाफ रसातून निघालेली असते. तिच्यात अमोनियाचा अंश असतो आणि कधी रसाचे बारीक तुषारही येतात. हे पाणी गरम इंबिबिशनला, चुन्याची निवळी करायला, फिल्टरवरचा प्रेसमड धुवायला, पॅन धुवायला वापरायचे. या कामांना नदीचे पाणी लावणे म्हणजे घरात दूध असून शेजाऱ्याकडं उसनं मागायला जाणे.

तिसरे पाणी उरलेले. वरची सगळी कामे भागली तरी काही पाणी उरतेच, कारण ऊस रोज नवे पाणी घेऊन येत असतो. हे उरलेले पाणी गार करून, शुद्ध करून कूलिंग टॉवरला किंवा इतर वापराला घ्यावे लागते. त्यासाठी बऱ्याच कारखान्यांनी शुद्धीकरणाची वेगळी यंत्रणा उभारली आहे. नाल्यात दिसणारे वाफाळते पाणी बहुतेक वेळा याच तिसऱ्या भागातले, नाहीतर स्प्रे पाँड ओसंडल्याचे असते.

कायदा काय म्हणतो तेही सांगतो. जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा १९७४ सालचा. २०१६ साली केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाने साखर कारखान्यांसाठी मानके सुधारली. त्याप्रमाणे टनामागे प्रक्रिया केलेले सांडपाणी १०० लिटर आणि स्प्रे पाँड किंवा कूलिंग टॉवरचे पाणी १०० लिटर, असे मिळून २०० लिटरच्या वर सोडता येत नाही. २,५०० टनांना हे पाच लाख लिटर होतात. आणि ऊस स्वतः रोज साडेबारा लाख लिटर घेऊन येतो, हे आपण वर पाहिलेच. म्हणजे हे पाणी आत फिरवून वापरल्याशिवाय गत्यंतर नाही. नदीतून जेवढे जास्त उचलाल, तेवढे बाहेर सोडायचे ओझेही वाढणार. पाण्याची काटकसर ही म्हणून नुसती शोभेची गोष्ट नाही.

या पाण्यात साखर मिसळली तर

साखर दिसत नाही, वास येत नाही, आणि गरम पाण्यात कुठे निसटली ते कळत नाही. बॉडीत रसाची पातळी जास्त ठेवली, उकळी एकदम वाढली, तुषार अडवणारे जाळे तुंबले किंवा एखादी नळी फुटली, की साखर वाफेच्या पाण्यात शिरते. तिचे तीन ठिकाणी नुकसान होते.

एक, बॉयलरमध्ये. साखर तिथल्या उष्णतेने फुटून आम्ल तयार होते. पाणी फेसाळते, बॉयलरच्या नळ्या झिजतात. एखादी नळी फुटली की सगळा कारखाना बंद. म्हणून प्रयोगशाळेतली माणसे रात्रंदिवस या पाण्याची तपासणी करतात. परीक्षानळीत थोडे पाणी घेऊन त्यात अल्फा-नॅफ्थॉलचे थेंब टाकतात आणि कडेने जपून तीव्र गंधकाम्ल सोडतात. साखर असेल तर दोन थरांच्या मध्ये जांभळे कडे दिसते. कडे दिसले की ते पाणी बॉयलरकडून ताबडतोब वळवायचे.

दोन, तुमच्या खिशात. लिटरला १०० मिलीग्रॅम म्हणजे चिमटीतही न येणारी साखर. पण दहा लाख लिटर पाण्यात तीच शंभर किलो होते. रोज एक क्विंटल साखर पाण्याबरोबर गेली, तर ती उताऱ्यातून गेली, आणि उसाचा दर उताऱ्याशी बांधलेला आहे.

तीन, नाल्यात. हा हिशेब प्रत्येकाने मनाशी करून पाहण्यासारखा आहे. पाण्यातले जंतू एक किलो साखर पूर्ण खाऊन टाकतात तेव्हा त्यांना सुमारे १.१ किलो प्राणवायू लागतो. आपल्याकडच्या हवामानात एक लिटर चांगल्या पाण्यात प्राणवायू विरघळलेला असतो फक्त आठ मिलीग्रॅमच्या आसपास. म्हणजे एक किलो साखर जवळजवळ एक लाख चाळीस हजार लिटर पाण्यातला प्राणवायू संपवू शकते. हवेतून थोडा नवा प्राणवायू मिसळतो हे खरे, पण उन्हाळ्यात नाल्याची धार करंगळीएवढी असते. शिवाय सोडलेले पाणी गरम असेल तर त्यात प्राणवायू मुळात कमी मावतो. मासे तडफडतात ते विषाने नव्हे, श्वास कोंडून.

सभासदांच्या हातात काय आहे?

"हे सगळं इंजिनिअर-केमिस्टांचं काम, आम्ही काय करणार?" असे काहींना वाटेल. तसे नाही. बॉडीत काय उकळते, ते तुमच्या फडात ठरते.

१. तोडणीआधी पंधरा-वीस दिवस पाणी तोडावे. वजन वाढेल म्हणून शेवटपर्यंत पाणी देणारे काही सभासद आहेत. ते जादा पाणी उकळायला बगॅस लागतो आणि उतारा घसरतो. हलक्या जमिनीत हा काळ थोडा कमी ठेवावा, भारी जमिनीत पुरा ठेवावा.

२. तोडलेला ऊस त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी गव्हाणीत पडला पाहिजे. शिळ्या उसात साखर फुटते, रस आंबतो आणि जंतूंमुळे डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ तयार होतो. चिकट रस नीट उकळत नाही.

३. ऊस जमिनीलगत तोडावा, पण मोळीबरोबर माती येऊ देऊ नये. मातीचा रस निवळायला अवघड आणि बॉडीच्या नळ्यांवर थर धरायला सोपा. तो थर काढायला हंगामात बॉड्या कॉस्टिक लावून धुवाव्या लागतात. ते धुणावळीचे पाणी सगळ्यात कडक असते आणि सांडपाण्याच्या प्रकल्पावर सगळ्यात जास्त ताण आणते.

४. वाढे आणि पाचट मोळीत नको. वाढ्यात साखर कमी आणि इतर पदार्थ जास्त. वाढे जनावरांना द्या, पाचट सरीत कुजवा. पाचट जाळू नका.

हे पाणी शेताला द्यावे का?

नाल्याकाठचे सभासद विचारतात, "एवढं पाणी आहे तर आमच्या पाटात सोडा की!" त्यांना आमचे उत्तर असे आहे.

आधी पाणी ओळखावे. वाफेचे पाणी वेगळे, मिल धुतलेले तेलकट सांडपाणी वेगळे, आणि ज्या कारखान्यांना आसवनी आहे तिथला काळा-तांबडा स्पेंटवॉश वेगळा. गावात तिन्हींना "मळीचं पाणी" म्हणतात आणि तिथेच घोटाळा होतो. स्पेंटवॉशची तीव्रता वाफेच्या पाण्याच्या कितीतरी पट असते. तो कुणी रात्री टँकरने शेतात सोडतो म्हणाला तर फुकट मिळाला म्हणूनही घेऊ नये. विहिरी खराब झाल्यावर त्याची किंमत कळते.

वाफेच्या पाण्यात क्षार कमी असतात, हा त्याचा गुण. पण ते गरम असते आणि साखरेचा अंश असू शकतो, हे त्याचे दोष. म्हणून गरम पाणी थेट नाल्यातून मोटर लावून उचलू नये. उभ्या पिकाची मुळे पोळतात आणि साखर कुजताना जमिनीतला प्राणवायू ओढला जातो. प्रक्रिया होऊन गार झालेले, तपासलेले पाणीच घ्यावे. जमिनीवर द्यायच्या पाण्याची बीओडी लिटरला १०० मिलीग्रॅमच्या आत असावी लागते आणि नाल्यात सोडायच्या पाण्याची ३० च्या आत. बीओडी म्हणजे ते पाणी किती प्राणवायू खाणार याचे माप. पाणी घेतले तरी विहिरीच्या किंवा कॅनॉलच्या पाण्याशी आलटून पालटून द्यावे, साचू देऊ नये आणि दरवर्षी मातीचा नमुना तपासून घ्यावा. काळ्या भारी जमिनीत निचरा नसेल तर हे पाणी घेऊच नये.

नाला बिघडला तर गप्प बसू नका

आता शेवटची आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. नाल्याची पहिली खबर काठच्या शेतकऱ्याला लागते, प्रयोगशाळेला नंतर. पाण्यातल्या दगडांवर करड्या-पांढऱ्या रंगाची बुळबुळीत साय धरू लागली, तर पाण्यात साखरेसारखे कुजणारे काहीतरी येत आहे असे समजावे. पाणी काळे पडून सडक्या अंड्यासारखा वास आला, तर प्राणवायू संपला. जनावर पाण्याला तोंड लावत नसेल तर त्याच्यावर विश्वास ठेवावा.

असे दिसले तर तारीख आणि वेळ लिहून ठेवा. स्वच्छ बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा, सावलीत गार ठेवा आणि त्याच दिवशी आपल्या गट कार्यालयात आणून द्या. शिळ्या नमुन्याचा आकडा खरा येत नाही. नमुना दिल्याची नोंद करून घ्या आणि तपासणीचे उत्तर मागा. उत्तर मिळत नसेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयाकडे जाण्याचा तुम्हाला हक्क आहे. आपल्याच कारखान्याची तक्रार कशी करायची, असा संकोच काही जण बाळगतात. आम्हाला तो पटत नाही. घराचे छप्पर गळत असेल तर घरच्यानेच सांगायचे असते. शेजारी सांगेपर्यंत भिंत पडलेली असते.

सहकारी कारखाना म्हणजे एका काठावर साखरेचे पोते आणि दुसऱ्या काठावर विहीर, अशी परिस्थिती आहे. दोन्ही आपलेच. शेअरचा दाखला ज्याच्या घरात आहे, त्याच्याच घरात त्या विहिरीचा हंडाही आहे. उसातले पाणी बॉयलरला, मिलला आणि शेवटी शुद्ध होऊन वापराला गेले, तर नदी आपल्याला तेवढे कमी देणे लागते आणि उन्हाळा तेवढा सुसह्य होतो.

तरी सर्व सभासद बंधू-भगिनींना विनंती की, येत्या गटसभेत तोडणीच्या प्रश्नाबरोबर पाण्याचाही प्रश्न जरूर विचारावा. रोज किती पाणी नदीतून उचलले, किती वाफेचे पाणी परत वापरले आणि किती बाहेर सोडले, हे तीन आकडे मागावेत. ते आकडे सूचना फलकावर दर आठवड्याला लागावेत, यासाठी शेतकी विभागाच्या वतीने आम्हीही आग्रह धरू. तोडणीआधीचे पाणी तोडणे, माती-पाचटाविना मोळी आणि ताजा ऊस, या तीन गोष्टी मात्र आपल्या फडातून सुरू कराव्यात. अधिक माहितीसाठी आपल्या गटाच्या शेतकी कर्मचाऱ्यांना भेटावे.

— ऊस विकास अधिकारी